आईचा तीस डिसेंबर

फांगालिमू,
मंगळवार, १० सप्टेंबर २०२४
(समुद्रापलीकडे तुझ्या पागोत अजून सोमवारच.)

प्रिय लानू,

तुला आणि मुलांना तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. देवाच्या दयेने इकडे सगळे ठीक. तारोचे कंद यंदा छान आलेत, नीरफणस तर झाडावर मावेना. शेजारच्यांना देऊन झाले, चर्चच्या पाळकांना देऊन झाले, आता डुकरंसुद्धा तोंड फिरवतात.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. बाई गं, फोन उचललास की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "कामावर आहे गं, नंतर बोलते." रविवारीसुद्धा कामावर! त्या मासळीच्या कारखान्यातले मासेही तुझ्याइतके तिथे राहत नसतील. पत्राला असं सांगून गप्प करता येत नाही. तुझी शेजारीण मोआना इथे लग्नाला आली होती, ती गुरुवारच्या बोटीने निघालीय. तिच्या हाती देते. तिला म्हटलंय, लानू वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही.

पहिली बातमी अशी की समुद्र आईपर्यंत आलाय.

तू शेवटची आलीस तेव्हा थडग्यापुढे केवढी वाळू होती, माडांची रांग होती, आठवतंय? आता माड पाण्यात आडवे झालेत. भरतीला लाट थेट चौथऱ्यावर येते. गेल्या महिन्यात समोरचा कठडा पडला. सकाळी मी झाडायला गेले तर आईच्या दगडावर खेकडे फिरत होते. मी झाडूने हाकलले आणि तिथेच बसून रडले. आई खेकड्यांना किती घाबरायची! पोरांनी पकडून आणले की खुर्चीवर पाय घेऊन बसायची.

गावातली निम्मी घरं वर डोंगरावर गेलीत. आपणही चाललोय, जुन्या मळ्यात. आणि योपूदादाने कुटुंबाच्या सभेत सांगितलं, "आई येणार असेल तर मी येतो. तिला पाण्यात ठेवून मी कोरड्यात झोपणार नाही." तो घराण्याचा प्रमुख. त्याच्यापुढे कोण बोलणार? आणि बोलायचं होतं तरी कुणाला? सगळ्यांच्या मनात तेच होतं. पूर्वीचे लोक करायचे तसं थडगं उघडून आईला नव्या चटईत गुंडाळून वर न्यायचं. चटई मी विणतेय. बारीक वीण, हातात रेशमासारखी लागते. डोळे दुखतात, पण हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

नवं थडगं म्हटलं की नवा दगड आला. आणि दगड म्हटलं की तारीख आली.

हं. आता कळलं ना, मी कुठे चाललेय ते? पत्र खाली ठेवू नकोस. मोआना समोर बसलीय.

बारा वर्षं झाली, आपल्या घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नाही. जो दिवस आईने आयुष्यभर वाढदिवस म्हणून मिरवला, तोच. आठवतं का, दर वर्षी पंधरवडाभर आधी ती बसच्या ड्रायव्हरकडे रेडिओसाठी चिठ्ठी द्यायची. मग तीस तारखेला सकाळी कोको घेऊन रेडिओला कान लावून बसायची. निवेदक वाचायचा, आज तीस डिसेंबर, आजच्या दिवशी फिलिपीन्समध्ये एका देशभक्ताला गोळ्या घातल्या, आजच्या दिवशी रशियाची राज्यं एक झाली. आई वैतागायची, "अरे बाबा, रशिया कुठे पळून जातंय का? माझं नाव घे ना आधी!" मग कुठल्या तरी गावच्या देवळाचा वर्धापनदिन, कुणाचं पुण्यस्मरण, आणि शेवटी वाढदिवस. "फांगालिमूच्या सिएनी." इतकंच. त्यावर ती वर्षभर खूश.

आणि त्या वर्षी, दोन हजार अकरात, सरकारने कॅलेंडरातून तोच दिवस काढून टाकला. दादाने आईला किती वेळा समजावलं होतं, "न्यूझीलंडशी व्यापार करायचा तर त्यांच्या तारखेने चालायला हवं. म्हणून एकोणतीसनंतर थेट एकतीस. पागो अमेरिकेचं, ते एक दिवस मागे राहणार." आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "एवढे तीनशे पासष्ट होते, त्यांना माझाच सापडला?"

दादाने ठरवलं, वाढदिवस एकोणतीसला. डुक्कर मारलं, उमूत, तापल्या दगडांच्या भट्टीत, तारो भाजायला लावला, बँड बोलावला. तुला फोन केला की एक दिवस आधी ये. तू म्हणालीस, कारखाना फक्त तीसची रजा देतोय. आणि वर म्हणालीस, "दिवस तुमच्याकडे नाही, दादा. माझ्याकडे आहे. येताना मी घेऊन येते." आम्ही फोनभोवती सगळे हसलो होतो. आई सर्वांत जास्त.

एकोणतीसला ती स्वतःच्या मेजवानीला पाहुण्यासारखी बसली. दादाने केक पुढे केला तर सुरी हातात घेईना. "हा तुम्ही खा. माझा दिवस लानू आणतेय." शंभर माणसांसमोर! दादा हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. मी पाहिलं ते.

दुसऱ्या दिवशी रेडिओ लावला तर निवेदक म्हणाला, "आज एकतीस डिसेंबर." आई म्हणाली, "गाळलंच की मला." मी तिला न्हाऊ घातलं, पांढरे कपडे घातले, कानामागे जास्वंदीचं फूल खोवलं. रस्ता दिसेल अशी खुर्ची ठेवून घेतली तिने. अर्धा कोको प्यायली. एकदा विचारलं, "गाडी आली का?" मी म्हटलं, "विमान तरी उतरू दे, आई." मी आत भांडी घासायला गेले, बाहेर आले तर मान खाली. मला वाटलं, डुलकी लागली. मीच पोरांना म्हटलं, गप्प बसा, आजी झोपलीय.

तेवढ्यात तुझी टॅक्सी आली. मांडीवर केकचा डबा, अर्धी खिडकीबाहेर, तू रस्त्यावरूनच ओरडत होतीस, "आई, आणला गं तुझा दिवस!"

लानू, ती हाक मी अजून ऐकते. तू मला कधी विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही. तुमच्या दोघांच्या भांडणात मला कोण विचारतंय? पण त्या हाकेलाही आई हलली नाही तेव्हा मला कळलं, आणि त्या खुर्चीपासून तुझ्यापर्यंत मला धावत यावं लागलं. दारातली तीनच पावलं, पण तशी वाट मी पुन्हा कधी चालले नाही.

पुढचं तुला माहीत आहे. वर्षाने दगड बसवला, त्यावर दादाने एकतीस कोरून घेतलं. तू फुलं घेऊन आलीस, वाचलंस आणि फुलं हातातच ठेवून म्हणालीस, "म्हणजे आई वाढदिवस उलटल्यावर गेली. आणि मी दिलेला शब्द पाळला नाही. दगडावर हेच लिहिलंय ना?" दादा म्हणाला, "सरकारी दाखल्यावर आहे तेच दगडावर आहे." तू म्हणालीस, "माझ्या विमानाच्या तिकिटावर तीस आहे!" तो म्हणाला, "मग तिकीट पूर तिथे." किती वाईट बोलला! आणि तू न जेवता गेलीस. आपल्या घरातून माणूस न जेवता गेलं, लानू. वाढलेली पानं तशीच राहिली. त्यानंतर नाताळला तुझे डब्यातल्या माशांचे खोके येतात. दादा खातो. बोलत नाही, पण खातो.

तर आता ऐक. नवा दगड तयार झाला. दादानेच सांगून करवून घेतला, मला न विचारता. काल गवंडी घेऊन आला, मी वरचं कापड काढलं आणि बघतच राहिले. जन्म, तीस डिसेंबर. मृत्यू, तीस डिसेंबर दोन हजार अकरा.

पाळक आले होते. चष्मा लावून वाचलं आणि हळूच म्हणाले, "योपू, काहीतरी चुकलंय. त्या वर्षी आपल्या देशात हा दिवस नव्हता."

दादा म्हणाला, "देशात नसेल. माझ्या आईला होता."

गवंडी हसायला लागला होता, त्याने वळून अवजारं आवरायला घेतली. पाळकांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं. तसं."

ते गेल्यावर मी दादाला म्हटलं, "हेच बारा वर्षांपूर्वी केलं असतंस तर तुझं काय जात होतं रे? बहीण गमावलीस." त्याने दगडावर कापड परत ओढलं. मग म्हणाला, "तीस लिहिलं असतं, यानेता, तर माझी मेजवानी खोटी पडली असती. कर्ज काढून डुक्कर मारलं, गाव जेवू घातलं, आणि ती लानूच्या एका डब्याची वाट बघत गेली. मला पण वाटत होतं, आईने माझा दिवस घ्यावा. एकदा तरी." आणि आपला योपूदादा, सभेत ज्याच्या आवाजाने पोरं दचकतात, तो तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखा रडला. तुम्ही दोघं सारखेच गं. आईवरून भांडलात आणि आईसारखेच हट्टी निघालात.

इथवर लिहिलं आणि मघाशी उठून चूल पेटवून आले. खरं म्हणजे काम काही नव्हतं. पुढचं लिहायला मन धजत नव्हतं.

सगळे ठीक आहेत असं मी वर लिहिलंय. ते खोटं आहे.

गवंड्याने दोन दगड आणले, लानू. दुसरा दादाचा आहे. नाव कोरलंय, जन्मतारीख कोरलीय, पुढची जागा मोकळी आहे. साखरेने त्याचा पाय गेला हे तुला कुणीतरी कळवलंच असेल. आता मूत्रपिंडं गेली. आपिया शहरातल्या डॉक्टरांनी यंत्रावर बसायला सांगितलं, तर म्हणाला, "आठवड्यातून तीन दिवस रक्त धुवायला जाऊ? मग मळ्यात कोण जाईल?" मी भांडले, पाया पडले, पाळकांना आणलं. ऐकतो कुठे! अंगावर सूज आहे, जेवण दोन घासांवर आलंय. मला म्हणाला, "लानूला कळवायचं नाही. माझी दया येऊन ती यायला नको. दगडाचं कळव, वाटलं तर येईल." म्हणून मी दगडाचं लिहिलं, त्याचा शब्द राखला. आता बाकीचंही लिहिलंय, आणि त्याबद्दल त्याला काय वाटायचं ते वाटू दे.

आईला वर न्यायचा दिवस शनिवार, एकवीस तारीख. तुझा शुक्रवार. पण शनिवारपर्यंत थांबू नकोस. कारखाना रजा देणार नाही म्हणशील. लानू, त्यांनी तेव्हाही एकच दिवस दिला होता.

रोज सकाळी मी त्याला कोको पाजते तेव्हा तो विचारतो, "लानूकडे आज काय?" मी म्हणते, "काल." आज म्हणाला, "मग बरं आहे. काल मी बरा होतो, चार घास खाल्ले होते. तिला सांग, कालचा योपू बघायला ये." आणि हसला. चेहरा आटलाय, दात तेवढे मोठे दिसतात आता.

मीही हसले त्याच्याबरोबर. पण तुला खरं सांगते. तू तिकडे बसलीस म्हणून तो कालचा राहत नाही. विमानात बसलीस की तुझा एक दिवस तिथेच राहतो, आणि इथे उतरशील तेव्हा तुझ्या हातात आजच असतो. जेवढा असेल तेवढा. या वेळी केक नको, काही आणू नकोस, वाटेत थांबू नकोस. रस्त्यावरून हाक मार फक्त. तो खुर्ची रस्त्याकडे करून बसलेला असतो, आणि मला म्हणतो की वाऱ्यासाठी बसलोय.

दोन हट्टी माणसांच्या मधली,
दारात उभी असलेली,
तुझी यानेता