मी आधी सांगितलं, एवढंच

मॅडम, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. आज तुम्हाला लिहायला बसले ती माणसांची किळस आली म्हणून. ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तुम्ही मला प्रोग्रामिंग शिकवलंत, पण आठवतो तो दिवस वेगळाच. शेजारी बसणाऱ्याचं काम कच्चं आहे, हे सांगायला मी तुमच्या कानाशी लागलेले. तुम्ही त्यालाच हाक मारलीत आणि मला म्हणालात, "हं, आता बोल." मी भलतंच काहीतरी विचारून वेळ मारून नेली. तो गेल्यावर म्हणालात, "त्याच्या तोंडावर बोलवत नसेल, तर माझ्याकडेही आणू नकोस."

आता मी घोडबंदर रोडला मोठ्या कंपनीत आहे. आमची चौघांची टीम हॉस्पिटलांचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळते. मध्यंतरी एका दुपारी ते बंद पडलं. सगळे एकमेकांकडे बघत असताना आमच्यातली डोंबिवलीची मैत्रीण सरळ म्हणाली, "शेवटचं टेस्टिंग मी अर्धवट सोडलेलं. चूक माझी आहे." ती बोलली म्हणून बिघाड लगेच सापडला, संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं. साहेबांना सांगताना टीमची चूक म्हणायचं, नाव घ्यायचं नाही, असं चौघांचं ठरलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये तिला तिचंच वाक्य ऐकवलं आणि प्रोजेक्टवरून काढलं.

मला संशय होता तो आमच्याच टीममधल्या, रोज तिच्या डब्यातली भाजी खाणाऱ्यावर. पॅन्ट्रीत त्याला गाठून विचारलं, "तू सांगितलंस?"

त्याने घाससुद्धा थांबवला नाही. "अगं, कोणीतरी सांगणारच होतं. मी आधी सांगितलं, एवढंच."

ते चावणारं तोंड मला बघवेना. तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, तिचं काम तपासून मीच पुढे पाठवलेलं, मलाही काढा. ते हसले. "इमोशनल होऊ नकोस." तिने राजीनामा दिला. तो टीम लीड झाला, आणि आम्ही केक खाल्ला.

आता आमच्यात कोणी चुकत नाही, म्हणजे कोणी सांगत नाही. गेल्या आठवड्यात पेशंटना चुकीच्या वेळा गेल्या. डायलिसिसला आलेली म्हातारी माणसं बाकांवर ताटकळत बसली. ती गडबड आमच्यातल्या दोघांना आधीच दिसलेली. दोघंही गप्प.

तिच्या जागी एक नवीन मुलगी आलीय. काल माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, माझ्याकडून काहीतरी चुकलंय बहुतेक. सगळ्यांना सांगू ना?" मी मान वळवून तो टीम लीड जागेवर आहे का ते पाहिलं, आणि म्हटलं, "हळू बोल."

तुम्ही असतात, तर हे मी तुम्हाला कळू दिलं नसतं.