डॉक्टरीणबाईंचं सूप आणि माशीमाराचं घरटं

अहो,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे तयार नाहीत, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समजा.

पक्षीनिरीक्षणाच्या छावणीत मी ठणठणीत आहे. डोंगरावर दिवसभर ढग उतरतो, मोजे वाळत नाहीत, जळवा मात्र न चुकता भेटायला येतात. माझ्याकडे माशीमार पक्ष्याचं एक घरटं सोपवलंय. मादी शेवाळात अंड्यांवर बसते आणि निळा नर तिला दर दहा मिनिटांनी किडा आणून भरवतो. कोणी भरवलं, किती वाजता, ते मी वहीत लिहायचं. चाळीस वर्षांत तुम्ही मला एकदा चहा करून दिलात, तोही बिनसाखरेचा.

आणि आता तुमचं पत्र! खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई रोज सूप आणून देतात म्हणे. वर 'फार मायेची बाई' असंही लिहिलंत. ते मी घरट्यासमोरच वाचलं आणि 'कोणी भरवलं' या रकान्यात 'डॉक्टरीणबाई' लिहून बसले. आमच्या प्रमुख बाईंनी जेवताना ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

"काय हो, या नव्या जातीची चोच कशी असते?" त्यांनी विचारलं.

"लांब," मी म्हटलं.

आजच निघणार होते. पण पक्षीण माझ्याच रेनकोटाला सरावली आहे. दुसरं कोणी बसलं तर अंडी सोडून उडेल. पिल्लं निघायला अजून आठ दिवस आहेत.

खोकल्याची गोळी घेताय ना? सूप प्या. मात्र भांडं परत द्यायला स्वतः जाऊ नका, कामवालीच्या हाती पाठवा. रिकामंच.

कायद्याने आणि सवयीने तुमचीच,
बायको