पाचव्या फोटोतली त्रुटी

प्रिय भुंग्या,

काल नोंदणी कार्यालयात माझ्या खिडकीपाशी तू सगळ्यांदेखत ओरडलास, "मावशी, हा पाचवा फोटो! अजून त्रुटी? सरळ सांग ना, आमचं लग्न तुला बघवत नाही!" शेजारी तुझा तो उंच सुतार खाली मान घालून उभा होता. मी चष्मा पुसत म्हणाले, "नवा फोटो आणा. पुढचा कोण?"

आता ऐक. विवाह नोंदणीच्या अर्जात आजही एक नवरा आणि एक बायकोच लागते. तुम्हां दोघांचा अर्ज मी नामंजूर केला, की फाइल कायमची बंद. त्रुटी काढली, की ती आणखी सहा महिने जिवंत राहते. कायदा बदलायचं भिजत घोंगडं सरकारदरबारी पडून आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मी कधी फोटो धूसर म्हणेन, कधी सही तिरकी.

हे तुला कळलं, तर आनंदाने गावभर सांगशील आणि दुसऱ्या दिवशी फाइल माझ्या हातून जाईल. म्हणून हे पत्र कपाटातच राहणार. तोवर तुझी बोलणी खाईन.

पहिल्या फोटोत तुम्ही दोघं हातभर अंतर ठेवून उभे होतात. पाचव्यात तो तुझी कॉलर सारखी करत असतानाच फोटो निघालाय. तो मी फाइलला लावलाच नाही. घरी आणून तुझ्या आईच्या फोटोशेजारी ठेवलाय. त्यामुळे या वेळची त्रुटी अगदी खरी आहे.

सहाव्याला केस विंचरून ये.

तुझी खडूस मावशी