इंदूबाई "थांबा" म्हणाल्या

कामठी, १८ सप्टेंबर २०२४

कुसुमताईंना सविनय जयभीम.

कोराडीला मुलीकडे तुमचं बरं चाललं असेल. तिथल्या वीजकेंद्राच्या राखेनं खोकला वाढला असेल तर अंगावर काढू नका. इकडे तापाची साथ आहे आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. तरी शेवटपर्यंत वाचा.

तुमच्या जागी नूपुर नावाची सिस्टर आली आहे. रोज दार उघडण्याआधी ती आम्हा सगळ्यांना पाच मिनिटं उभं करते. आधी झाडू-पोछा करणाऱ्या इंदूबाई बोलतात, मग नोंदणीचा पियुष, मग ती स्वतः, शेवटी मी. आणि एक नियम: कोणीही "थांबा" म्हटलं की सगळ्यांचे हात थांबले पाहिजेत. मी मनसोक्त हसलो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक, नाकावर माशी बसू देणार नाही. पण पोरगी हट्टी, म्हणून चालू दिलं.

परवा काय झालं ते ऐका. आपले पेशंट बाकावर फायली ओळीनं ठेवून नंबर धरतात आणि चहाला जातात, ते अजून तसंच आहे. एक म्हातारी तापानं फणफणत आत आली. मी समोरची फाईल वाचून "यमुताई ना?" विचारलं. तापाच्या गुंगीत तिनं मान डोलावली. मी सुई भरली, तिचा दंड पुसला. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"थांबा जी डाक्टरसाहेब! थे फाईल या मायची नाही, हिची दोरीनं बांधलेली होती. मी झाडून राहिली होती, तवा पंख्यानं फायली खाली पडल्या. उचलून ठेवताना अदलाबदल झाली."

ताई, इंदूबाईंना अक्षर वाचता येत नाही. पण त्यांच्या एका शब्दावर नूपुरनं माझ्या हातातली सुई काढून ट्रेमध्ये ठेवली, पियुष बाकाकडे धावला. तुम्ही कोण सांगणार, असं त्यांना कोणीच विचारलं नाही. म्हातारीची खरी फाईल आली. वरच लाल शाईत लिहिलेलं होतं, हे इंजेक्शन चालत नाही. अक्षर माझंच.

मी खुर्चीत बसून राहिलो. वीस वर्षांच्या डॉक्टरकीत इतकं थोर काही पाहिलं नाही. चार साधी माणसं एकमेकांचं ऐकतात तेव्हा केवढी ताकद तयार होते! पाचांमुखी परमेश्वर म्हणतात, तो त्या दिवशी हातात झाडू घेऊन दारात उभा होता. मी इंदूबाईंना हात जोडले, तर त्याच घाबरल्या.

आणि मग मला तुम्ही दिसलात. तीन वर्षांपूर्वी त्या विणकर देवाजींच्या वेळी तुम्हीही म्हणाला होतात, "साहेब, फाईल एकदा पाहता का?" मी म्हणालो होतो, "तुम्ही सुया मोजा," आणि न पाहताच इंजेक्शन दिलं. देवाजी आठ दिवस मोठ्या दवाखान्यात होते. त्यांच्या घरचे जाब विचारायला आले तेव्हा मी सांगितलं, सिस्टरनं चुकीची फाईल दिली. तुम्ही तिथेच उभ्या होतात. त्यानंतर कामठीत एकाही दवाखान्यानं तुम्हाला कामावर घेतलं नाही, हे मला माहीत होतं.

काल सकाळी उभं राहून मी हे सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी देवाजींच्या घरी गेलो. माग बंद करून त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मले काहून सांगता? तिले सांगा."

फोन केला असता, पण फोन कोणाला दाखवता येत नाही. म्हणून दवाखान्याच्या कागदावर लिहितो आहे. ज्या दारातून तुम्हाला परत पाठवलं असेल, तिथे हा कागद खुशाल दाखवा. परत या, असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. मला लाज वाटते, ताई.

फाईल न पाहता देवाजींना इंजेक्शन देणारा,
डॉ. उन्मेष
(सही आणि शिक्का)