झडपेवरची चिंधी

सातारा,
८ जानेवारी १९९६

चि. अनंतभावजींस,
अनेक आशीर्वाद.

सांगलीच्या घराच्या अंगणात सायकल उलटी ठेवून तुम्ही दोघे भाऊ डुगडुगणाऱ्या वाकड्या चाकाचा आउट काढत बसला होतात, ते आठवतं का? माझं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही नववीत. मी चहा घेऊन आले तर ह्यांनी खुणेनंच थांबवलं आणि तुम्हाला सांगितलं, की पान्ह्याला हात लावण्याआधी चाक नुसतं फिरव आणि बघत बस. तुम्ही बघत बसलात, हे बघत बसले, मग मीही बसले. चहा गार झाला. आपण कुठल्या घरात पडलो आहोत, ते मला त्या दिवशी कळलं.

आज लिहायचं कारण ह्यांचं विमान. मार्चमध्ये मी इथली जागा सोडून अबोलीकडे पुण्याला जाते आहे. लेकीच्या दोन खोल्यांत सात फुटी विमान मावणार नाही. ज्या नॅट विमानांवर ह्यांची हवाई दलातली नोकरी झाली, त्यांचीच ही जमिनीवरून रेडिओनं उडवायची प्रतिकृती. निवृत्तीनंतर सात वर्षं खपले. पायांची जुळणी तेवढी राहिली आणि हे गेले. तेव्हापासून ते गादीवर पोटावर पडून आहे. तुमच्या कुपवाडच्या कारखान्यात नेऊन त्याला पायांवर उभं करा, एवढंच मागणं. उडवू मात्र नका. ह्यांच्या दोस्ताच्या, हंबीररावांच्या, कानावर तर घालूच नका. ते इस्लामपुराहून रेडिओ काखेत मारूनच निघतील.

सौ. कुंदाला गुडघे जपायला सांगा. तुमचा लोभ नव्यानं मागत नाही, आहे तो मला पुरतो.

विनोदिनीवहिनी


सांगली,
२७ जानेवारी १९९६

ती. वहिनींस,
अनंताचा सा. नमस्कार.

विमान मटाडोरमधून सुखरूप आलं. तुम्ही इतक्या गोधड्या गुंडाळल्या होत्या, की नाक्यावरच्या हवालदारानं आत आजारी माणूस आहे असं समजून वाट करून दिली.

आधी दादाची वही उघडली. मागचे दोन पाय तोलाच्या जागेच्या किंचित मागे हवेत. फार मागे गेले तर धावताना नाक उचलत नाही, पुढे आले तर विमान शेपटीवर बसतं. म्हणून मी आणि कुंदानं पंखांखाली दोन-दोन बोटं धरून ते उचललं आणि तोल सापडला तिथे पेन्सिलीनं खूण करायला गेलो, तर दादाची पुसट खूण तिथेच. मागची चाकं पुढच्या बाजूनं केसभर आत वळवली, नाहीतर धावताना रस्ता सोडतं. नाकाखालचा पाय जरा लांब होता, तो लेथवर कमी केला. काल ते तिन्ही पायांवर उभं राहिलं. मी पान्हा खाली ठेवला आणि बघत बसलो.

अडचण एकच. पाय हवेच्या दाबानं मिटतात आणि उघडतात. पोटातल्या बाटलीत सायकलच्या पंपानं हवा भरायची. उजवा आणि नाकाखालचा लगेच उघडतात. डावा तीन आकडे मोजेपर्यंत थांबतो, कधी उघडतच नाही. नुसतं उभं ठेवायला चालेल. पण हंबीरराव येऊन गेले. मी सांगितलं नव्हतं, कुंदानं सांगितलं. त्यांचं म्हणणं, वैनीस्नी सांगा, लय जपलंसा, इमान काय कपाटात ठिवायला केलं व्हतं व्हय? कवलापूरची जुनी धावपट्टी मोकळी आहे. तुमचा होकार हवा.

रागावलात तरी पत्र धाडा, एवढा लोभ ठेवा.

अनंत


सातारा,
२ फेब्रुवारी १९९६

चि. अनंतभावजींस,
आशीर्वाद.

रागावले नाही. पण होकार देववत नाही. ह्यांच्या हातचं तेवढंच एक उरलं आहे, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत मोडलं तर मी काय घेऊन पुण्याला जाऊ?

डाव्या पायाचं नवल वाटलं. वस्तू पुसून, तेल घालून ठेवायची, ही शिस्त मला पाचगणीच्या शाळेतल्या सिस्टरांनी लावली. दर खंडेनवमीला ह्यांच्या हत्यारांबरोबर विमानही पूजेला ठेवायची. शिवणयंत्राचं तेल प्रत्येक सांध्याला घालायचं, मग हळदकुंकू. हे गेल्यापासून मी कुंकवाला हात लावला नाही. यंदा नुसतं फूल वाहिलं.

तुमच्यावरची माया ह्या नकारानं कमी झाली असं समजू नका.

विनोदिनीवहिनी


सांगली,
१४ फेब्रुवारी १९९६

ती. वहिनींस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून डाव्या पायाला हवा सोडणारी झडप उघडली. आत शिवणयंत्राच्या तेलात बसलेलं कुंकू होतं. चिमूटभरसुद्धा नाही, पण हवेची वाट अडवायला पुरेसं. तुम्ही स्वतःला बोल लावाल, म्हणून पुढचं आधी वाचा.

दादाच्या वहीचं शेवटचं पान तेलानं चिकटलं होतं. ते काल वाफेवर धरून सोडवलं. तारीख २० ऑक्टोबर ९४, म्हणजे तो जाण्याआधी पंधरवडा. जसंच्या तसं उतरवतो:

डावा पाय उशिरा. झडपेत कुंकू. दिवाळीनंतर साफ करणे. विनूला बोलायचं नाही. पुढच्या खंडेनवमीला झडपेवर चिंधी बांधून मग पूजेला ठेवणे. जानेवारीत कवलापूर. विनूसाठी खुर्ची न्यावी.

झडप साफ केली. काल पन्नास वेळा पाय मिटले-उघडले, तिन्ही बरोबर. तरी हवेत काय होईल ह्याचा भरवसा मी देत नाही. ते कुंकू टाकवेना, पुडीत बांधून ठेवलं आहे.

तुम्ही म्हणाल ते. माझ्यावर लोभ आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

अनंत


पुणे,
२० मार्च १९९६

चि. अनंतभावजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या त्या पत्राला मी फोनवर ‘उडवा’ एवढ्या एकाच शब्दात उत्तर दिलं, म्हणून आता सविस्तर.

कवलापूरला तुम्ही खुर्ची आणलीत, पण मला तिच्यावर बसवेना. वर आकाशात गेलं तेव्हा ते सुंदरच दिसलं असेल; मी पाहिलं नाही, खाली मान घालून होते. हंबीरराव म्हणाले, वैनी, पाय सोडतो, तेव्हा मान वर केली आणि फक्त डाव्या पायाकडे बघितलं. मनात एक म्हणेपर्यंत तिन्ही पाय उघडले होते. चाकं टेकली, जरा धुरळा उडाला आणि ते सरळ आपल्याकडे धावत आलं. कुंदानं थर्मासमधून ओतलेला चहा परत गार झाला.

आता कुणाला काय ते लिहून ठेवते. ह्यांचा रेडिओ हंबीररावांना. पंप साताऱ्याला शेजारच्या ज्योतिबाकडे पोचवा, तो ह्यांनी त्याच्याकडूनच मागून आणलेला होता. वही अबोलीला, शेवटचं पान सोडून. ते पान आणि पुडी माझ्याकडे पाठवा.

विमान तुमचं. वर्षातून एकदा तरी कवलापूरला न्या. मोडलं तर मोडलं, मला कळवा. खंडेनवमीला पूजा कुंदानं करावी, तेल घालावं, कुंकूही लावावं. ह्यांच्या जुन्या धोतराची चिंधी फाडून सोबत पाठवते आहे. ती तेवढी आधी झडपेवर बांधा.

विनोदिनीवहिनी