नाव नसलेला पाला

कराड. रविवार, संध्याकाळ.

नाही प्यायले.

काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दर रविवारी गावात काविळीचं औषध देतात. आज माझ्यासाठी स्वतः घेऊन आले. पेलाभर हिरवा रस. डॉक्टरांनी बजावलंय, लिव्हरला सूज आहे, विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. पण विचारायला नाव तर हवं?

"पाला कशाचा आहे, काका?"

"नाव सांगितलं की गुण जातो, पोरी."

"मग डॉक्टरांना काय सांगू?"

"त्येला कशाला सांगतीस? गोळ्यात काय हाय, ते त्यो मला सांगतोय व्हय?"

गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं असतं, म्हटलं. आई मध्ये पडली, "अगं पी की. तुझा बाप ह्यानंच बरा झाला."

झाले असतील. भुईआवळा असेल, गुणकारीही असेल. पण पेला हिरवा आहे, एवढंच मला कळतं. एवढ्यावर प्यायचं?

काकांनी तो उचलला आणि स्वतःच रिकामा केला. "बघ. मेलो का?"

"तुम्हाला कावीळ कुठं झालीय, काका?"

ते चहा न घेता गेले. आई तेव्हापासून बोलत नाही. मघाशी तिनं बिनफोडणीचा वरणभात मात्र वाढला. मी पुन्हा मागून घेतला.