बाजूच्या खुर्चीवरून

अहो,

मी कामावर निघाले. टेबलावर नवा लॅपटॉप आहे, चार्ज करून ठेवलाय. चार वाजता चिमीचा व्हिडिओ कॉल येईल, हिरवं बटण दाबा.

मागच्या रविवारी कॉल चालू असताना तुम्ही दार उघडायला उठलात, तेव्हा मी सहज तुमच्या त्या बाजूच्या खुर्चीत बसले. तिथून जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर चिमीच्या जागी नुसता काळपट डाग दिसत होता. लेक परदेशी गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही तिथेच बसताय. ती विचारायची, "बाबा, दिसतेय ना मी?" तुम्ही म्हणायचात, "दिसतेस की!" आणि दोन मिनिटांत चहा टाकायला उठायचात. मला वाटायचं, ती गेल्याचा राग तुम्ही अजून धरून बसलाय. तिलाही मी तसंच सांगत आले. एका टेबलाशी बसून मला कळलं नाही, चुकलं माझं.

दुकानात मी प्रत्येक लॅपटॉपच्या बाजूला स्टूल ओढून बसले. विक्रेता वैतागला, "काकू, समोरून बघा ना!" म्हटलं, समोरून सगळेच चांगले दिसतात. हा एकच असा मिळाला, की कडेला बसलं तरी चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

आज मात्र मधल्या खुर्चीत बसा. मी मुद्दाम जादा पाळी घेतली आहे. तिला खरं काय ते तुम्हीच सांगा. चहा थर्मासमध्ये आहे, उठू नका.

आणि तिला बघून दचकू नका. तिने वर्षापूर्वीच केस अगदी बारीक कापलेत. मी कधी बोलले नाही, मला वाटलं तुम्हाला दिसलंच असेल.